चार कुंड्या केळी

नव्वदच्या दशकात आम्ही आखातात फुजैराला होतो, तेव्हा खालच्या मजल्यावर एक मल्याळी शेजारी राहायचे. डोंगराकडून गार वारं सुटलं की ते अंगणातल्या कुंड्यांमधल्या केळींना गोणपाट गुंडाळायचे आणि स्वतः नुसत्या बनियनवर काकडत उभे राहायचे. "ये केला ठंडी सहनेवाला है, भाभी, फिर भी बच्चा है," म्हणायचे.

एका जानेवारीत आमच्याकडे सत्यनारायण होता. चौरंगाला बांधायला मी केळीचे चार खुंट मागितले. "काटेगा नहीं, भाभी," एवढंच बोलून ते आत गेले. मी ओशाळले.

पूजेच्या सकाळी बेल वाजली. चार केळी कुंड्यांसकट जिन्यावरून वर आणून ते दारात घामाघूम उभे होते.

दुसऱ्या दिवशी न्यायला आले, तर एकीला रात्रीत नवं पान फुटलं होतं. ते बराच वेळ बघत राहिले आणि तीनच कुंड्या खाली घेऊन गेले.