यमाला रविवारची सुट्टी नसते

एल्महर्स्टमधल्या अख्ख्या बंगाली वस्तीची शेफाली नंदी ही बोडदी, म्हणजे सगळ्यांत थोरली ताई. सख्खे भाऊ तिला तीनच. पण सत्तरी उलटलेले घोषबाबूसुद्धा तिला बोडदी म्हणत आणि वर बोलणीही खात.

लग्न होऊन ती सातासमुद्रापलीकडे इथे, क्वीन्सला आली तेविसाव्या वर्षी. आठ वर्षांत नवरा गेला, पदरी तीन वर्षांची झुमूर. सगळे म्हणाले, परत जा. बोडदीने परत जायचं सोडून भावांनाच इकडे बोलावून घेतलं. दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायचे, संध्याकाळी बायकांचे ब्लाउज शिवायचे आणि उरलेल्या वेळात भावांचे अर्ज भरायचे. कागद हलायला बारा-बारा वर्षं लागली, पण बाच्चू आला, मग मोंटू, शेवटी टुटुल. झुमूरच्या डब्यातल्या माशाच्या कालवणाचा वास येतो म्हणून शाळेतून चिठ्ठी आली, तेव्हा बोडदी वाडगाभर कालवण घेऊन थेट बाईंसमोर उभी राहिली. बाईंनी चाटूनपुसून खाल्लं. पुन्हा चिठ्ठी आली नाही.

तिचा एकच हट्ट होता, भाईफोट्याचा. आपली भाऊबीज तोच त्यांचा भाईफोटा. बहिणीने उपाशीपोटी भावाच्या कपाळी चंदनाचा टिळा लावला की यमाच्या दारात काटा पडला, म्हणजे भावाकडे यायची त्याची वाट बंद. परदेशात सगळ्यांनी सोयीने तो रविवारवर ढकलला होता. बोडदी मात्र तिथीला चिकटून. "यमाला रविवारची सुट्टी असते काय रे?" म्हणायची. मग बाच्चू औषधांचं दुकान बंद करी, मोंटू टॅक्सी उभी करी, टुटुल शाळेतून रजा काढी. तिघंही कुरकुरत आणि वेळेवर येत.

यंदा घोटाळा केला तो झुमूरने. बोडदीच्या हृदयाची झडप बदलायची होती. झुमूरने पूजा कमिटीचं कॅलेंडर पाहिलं, त्यात भाईफोटा रविवारी, म्हणून तिने बिनधास्त मंगळवारची तारीख घेतली. आणि तिथी नेमकी मंगळवारी!

"तारीख बदल," बोडदी म्हणाली.

"मा, पुढची तारीख सात आठवड्यांनी आहे. डॉक्टर म्हणाले, एवढं थांबायचं नाही."

"डॉक्टरला सांग, टिळे लावून येते."

"पहाटे पाचला बोलावलंय गं!"

"मग येत नाही."

झुमूर रडली. शनिवारी तिन्ही भाऊ येऊन बसले. मोंटू म्हणाला, "या वर्षी उद्याच लाव ना, रविवारी. जग लावतं."

"जगाला भाऊ आहेत की भाचे, मला काय करायचंय?"

"अगं, तू मेलीस तर पुढच्या वर्षी कोण लावणार?" बाच्चू ओरडला, आणि तोंडातून काय गेलं ते कळून चष्मा पुसत बसला.

खरं म्हणजे बोडदी घाबरली होती. सुरीला नव्हे. टेबलावर आपलं काही झालं आणि ही तिघं टिळ्याविना राहिली तर, या एका विचाराने चार रात्री तिचा डोळा लागला नव्हता. बाच्चूला साखर, मोंटूला रक्तदाब, टुटुल तर हाडाचा धांदरट. यांना उघड्यावर टाकून जायचं कसं?

टुटुल भूगोल शिकवायचा. त्याने विचारलं, "बोडदी, तुझं पंचांग कुठलं?"

"कोलकात्याचं. दुसरं कुठलं असतं?"

"सोमवारी संध्याकाळी सातला तिथे मंगळवार उजाडलेला असतो."

"शहाणाच आहेस! तुम्ही राहता इथे. यम दार इथलं वाजवणार."

"त्याला इथलं दार माहीत आहे का? आपण सगळे कृष्णनगरला जन्मलो. त्याच्या दप्तरी तोच पत्ता. बदलल्याचं कधी कळवलंस?"

बारा-बारा वर्षं अर्जांमागे झिजलेल्या बाईला हा मुद्दा चांगलाच पटला. कुठल्याही कचेरीत पत्ता बदलून घ्यायला जन्म जातो, आणि यमाची कचेरी तर सगळ्यांत जुनी.

"सोमवारी सात," ती म्हणाली. "एक मिनिट उशीर केलात तर तंगड्या मोडीन."

सोमवारी तिघं ओळीने जमिनीवर बसले. बाच्चूच्या गुडघ्यांनी तक्रार केली, त्याला उशी मिळाली. दिवसभर पाण्याचा घोटही न घेतलेल्या बोडदीने एकेकाला रीतीप्रमाणे डाव्या करंगळीने टिळा लावला, डोक्यावर दूर्वा आणि धान ठेवलं, तोंडात संदेशाची मिठाई कोंबली. शंख फुंकायला गेली झुमूर. निम्म्यात तिचा दम संपला, तेव्हा सगळे हसले.

"चला, झालं," म्हणत बोडदी उठायला लागली.

"बस," टुटुल म्हणाला. चंदनाची वाटी त्याने आपल्याकडे ओढली.

"हे काय? बहिणीला टिळा लावतं का कुणी? कुठल्या शास्त्रात आहे?"

"आमच्यासाठी यमाच्या दारात काटा तू घातलास. तुझ्यासाठी कोण घालणार?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न बोडदीच्या मनातही आला नव्हता. तिला रडू फुटलं, आणि लपवायला पदरही हाताशी लागेना. टुटुलचा चंदनाने माखलेला अंगठा तिच्या कपाळापाशी आला.

"अंगठा नव्हे रे, गाढवा," ती हुंदक्यातून म्हणाली, "डाव्या हाताची करंगळी." आणि तिने डोकं पुढे झुकवलं.