सासूबाईंची रुंद चाकं

आमच्या सासूबाई गाडी शिकल्या बावन्नाव्या वर्षी, आणि तीही सासऱ्यांची जुनी पिकअप. हिरवी, गोल दिव्यांची, माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी. सासरे गेल्यावर सगळे धरूनच चालले होते की गाडी विकायची आणि रोपवाटिका बंद करायची. सासूबाईंनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. "ज्यांना बसायचंय त्यांनी बसावं घरी," एवढंच म्हणाल्या.

अडचण होती ती वाळूची. रोपवाटिकेकडे जाताना एक कोरडा ओढा लागतो. त्यात शंभरेक पावलं नुसती वाळू, आणि पिकअपची चाकं म्हणजे सायकलच्या चाकांची थोरली बहीण. मागे रोपं आणि खताची पोती चढवली की गाडी रुतलीच. मग आम्ही दोघी फावडी घेऊन गुडघ्यांवर. एकदा टोमॅटोची सगळी रोपं उन्हात माना टाकून बसली, तेव्हा सासूबाईंनी फावडं फेकलं. "बस्स. आता चाकंच रुंद बसवायची."

नेमके त्याच आठवड्यात चुलतसासरे एका हौशी गृहस्थांना घेऊन आले. त्यांना जुन्या गाड्या जमवायचा नाद. पिकअपभोवती त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या.

"एक स्क्रू बदललेला नाही हो! हिला मी काचेच्या खोलीत ठेवीन."

"तिथे ती काय करणार?" सासूबाईंनी विचारलं.

"काय करणार म्हणजे? उभी राहील."

"वहिनी, असं गिऱ्हाईक पुन्हा यायचं नाही," चुलतसासरे मध्येच म्हणाले. माझा नवराही मान डोलावत होता.

"उभं राहायची तिला सवय नाही," सासूबाई म्हणाल्या.

जाता जाता गृहस्थ बजावून गेले, "विचार करा. पण तोवर काही बदलू नका. चाकं-बिकं बदललीत तर गाडी मातीमोल होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी टायरवाल्या मिस्त्रींच्या दुकानात. मिस्त्रींनी चाकाकडे पाहिलं, मडगार्डकडे पाहिलं आणि हात झटकले. "मावशी, बसत नाही."

"लावून पाहिलंत?"

"न लावताच सांगतो."

"मग लावून सांगा."

मिस्त्रींनी कुरकुरत पुढचं एक रुंद चाक चढवलं. सासूबाईंनी पिशवीतून मुलांची खेळायची माती काढली आणि मडगार्डच्या आत ठिकठिकाणी गोळे चिकटवले. मी स्टेअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं. चाक खर्रकन घासलं. मिस्त्रींचा चेहरा खुलला. "बघा, म्हटलं नव्हतं?"

सासूबाई वाकून गोळे बघत होत्या. "आतले सगळे शाबूत आहेत. हा कडेचा तेवढा चेपलाय. म्हणजे पत्र्याची ही दुमड आडवी येतेय, बाकी जागा आहे."

मिस्त्रींनी स्वतः वाकून पाहिलं. मग डोकं खाजवत म्हणाले, "दुमड ठोकून वर चपटी करता येईल. पण रंग तडकणार. स्टेअरिंग जड होणार. आणि एवढं रुंद नको, एक माप कमी घ्या. चाक फार बाहेर आलं तर बेअरिंग खाईल."

"आता कसं कामाचं बोललात. एक माप कमी द्या."

मिस्त्री लाकडी हातोडा शोधत होते तेवढ्यात नवरा त्या गृहस्थांना घेऊन हजर. कुणी कळवलं देव जाणे. गृहस्थ दारातूनच ओरडले, "अहो, पत्र्याला हात लावू नका! असा पत्रा आता मिळत नाही!"

"आई, जरा ऐक ना," नवरा म्हणाला. "बाबांची आठवण आहे ती."

"मग आठवणीत मी बसून जाऊ का वाळूतनं?" सासूबाईंनी मिस्त्रींच्या हातातला हातोडा घेतला. "गाडी माझी. पत्रा माझा. सरका."

पहिला घाव तिरका बसला. हिरव्या रंगाची ढलपी उडून त्या गृहस्थांच्या बुटावर पडली. दुसरा नेमका बसला. बाकीचे मिस्त्रींनी मुकाट्याने घातले.

दोनच दिवसांनी पूर्ण माल भरला, चारही नव्या चाकांतली हवा वाळूसाठी थोडी कमी केली आणि ओढ्यात उतरलो. म्हणजे त्या उतरल्या, मी फावडं घेऊन मागून चालत. मध्यावर गाडीचं बूड डावीकडे घसरलं, इंजिन कण्हायला लागलं. मी ओरडले, "आई, थांबा!" त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर सोडला नाही. चाकांनी वाळू मागे फेकली, गाडी हलत-डुलत पलीकडच्या चढाला लागली आणि झाडांआड गेलीसुद्धा. मी पोचले तेव्हा निम्मी पोती उतरली होती.

नवरा आठ दिवस आईशी बोलला नाही. गृहस्थांनी दुसरीकडे गाडी पाहिली. स्टेअरिंग खरंच जड झालंय, रोज संध्याकाळी मी सासूबाईंचे खांदे चोळते. माल भरलेला असला आणि खड्डा आला की मागचं डावं चाक अजून घासतं. मिस्त्री मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवा म्हणतात.

काल चुलतसासरे अंगणात गाडीकडे बघून म्हणाले, "वहिनी, रूप गेलं हो तिचं. बेडकासारखी दिसतेय."

"दिसू दे," सासूबाई रोपांच्या कुंड्या चढवत म्हणाल्या. "ती तेवढी कुंडी द्या इकडे. मोकळ्या हातांनी काय उभे राहिलात?"

चुलतसासऱ्यांनी कुंडी उचलली.