घायपाताला आण्याचा पराग

त्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती. माहेरी जायचं आणि पोटभर झोपायचं. कुणी उठवायचं नाही, चहासाठीसुद्धा नाही. आण्याला, माझ्या माहेरच्या गावाला, जाऊन दोन वर्षं झाली होती. थंडीत टोमॅटोच्या बियाणे प्लॉटवर क्रॉसिंगची मजुरी, उन्हाळ्यात घरचा टोमॅटो, मध्ये द्राक्षाची छाटणी आणि बारा महिने जनावरं. आई जीपवाल्यापाशी निरोप धाडायची, "पोरीला म्हणावं, तोंड दाखवून जा." मीही उलट निरोप धाडायचे, येते. नारायणगावाहून आणे काही परमुलखात नाही, पण सासरच्या बाईला घर सोडायला काहीतरी निमित्त लागतं. माझ्याकडं ते नव्हतं.

क्रॉसिंगचं काम बघायला सोपं. एका जातीच्या टोमॅटोची कळी उमलायच्या आत चिमट्यानं सोलायची, आतला पराग धरणारा भाग काढून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीचा पराग बोटानं तिला लावायचा. अशा कळ्या दिवसभर. बोटं पिवळी व्हायची, कंबर मोडून यायची. घरी आलं की धार, चूल, भाकरी. भाकरी थापता थापता मी पेंगायचे, बाई!

अशात परसातल्या घायपाताला फुलाचा दांडा निघाला.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मामा पूर्वी घायपाताच्या पानांतला वाख, म्हणजे धागा, काढून दावी-कासरे वळायचे आणि बेल्ह्याच्या बैलबाजारात विकायचे. नायलॉनचा दोर आला आणि त्यांचं काम बसलं. मग माझ्या नवऱ्यानं बांधावरचे सगळे घायपात जेसीबीनं उपटले, द्राक्षबाग वाढवली. गोठ्यामागचा तेवढा एक वाचला. त्याच्याही भोवतीनं कोबा केलेला, त्यामुळं बुडाशी पिल्लं फुटायला जागाच नाही. आणि घायपात जन्मात एकदाच फुलतो, मग वाळून जातो. मामांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. दांडा निघाल्याचं कळलं त्या दिवशी ते ताटावरून उठले. "ह्योबी चालला म्हणायचा," एवढंच बोलले.

शिमग्याच्या सुमाराला खालच्या फांद्या फुलल्या. मी प्लॉटवरून येऊन पाय धूत होते, तर ओट्यावरून मामांची हाक आली. "ए आणेकरीण, लोकांच्या टमाट्याला पराग लावत हिंडती. घरच्या घायपाताला लाव की. बी धरंल, दोन रोपं व्हतील."

आणेकरीण. लग्न झाल्यापासून हेच. पठारावरची, पाण्याला महाग असलेल्या गावची, असं त्यात सगळं आलं. मामा सोयऱ्याधायऱ्यांत बसले की हसत हसत विचारायचे, "तुमच्याकडं धोंड्याबिगर काय उगवतं गं?" मी चहाचे कप उचलून आत जायचे. त्या दिवशी मात्र डोक्यात तिडीक गेली.

"मामा, माज्या कंबरंकडं बघा जरा."

"मला कुटं दिसतंय," मामा म्हणाले.

घ्या! मी पदर खोचला.

गोठ्याच्या पत्र्यावर चढले. दांडा विजेच्या खांबाहून उंच. घायपाताच्या फुलाची तऱ्हा अशी, की आधी पराग सुटतो आणि दोन-तीन दिवसांनी मधली काडी चिकट होते, तेव्हा ती पराग धरते. मी पराग बाटलीच्या झाकणात झटकून ठेवायचे आणि काडी चिकट झाली की लावायचे. फुलांतला गोड चिकटा केसांत गळायचा, मधमाश्या तोंडाभोवती. खाली खाटेवर बसून मामा हुकूम सोडायचे. "बुडापासनं लाव. घाई करू नगंस." मी वरून म्हणायचे, "तुमीच चढता का?" म्हातारा हसायचा नाही आणि उठायचाही नाही.

आणि एवढं करून बोंडं पिवळी पडून गळाली. खालच्या सगळ्या फांद्या वाया. मी झाडून गोळा केलेली बोंडं मामांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती चेपून पाहिली, आत काही नव्हतं. तोंड एवढंसं झालं त्यांचं.

"त्याचाच पराग त्याला चालंना," मी म्हणाले. "प्लॉटवरबी दुसऱ्या झाडाचाच लावतो आमी."

"दुसरं झाड ऱ्हायलंय कुटं?"

मला ठाऊक होतं कुठं ते. त्यांनाही होतं. आमच्या पठारावर बांधाबांधानं घायपात. मी मुद्दाम बोलले नाही. बोलू देत की त्यांनाच. म्हातारा काठीनं कोबा टोकरत बसला.

"तुज्या म्हायेरी आसंल," शेवटी म्हणाले. "उंद्या जाऊन ये. सांजंला माघारी ये पण. वरची फुलं थांबायची न्हाईत."

सकाळी जीप धरली. बेल्हे गेलं, घाट चढला, वारा बदलला आणि मला उगाच रडू आलं. आईनं मला दारात पाहिलं, काय झालं म्हणून विचारलंही नाही. "आदी पड," म्हणाली. मी पराग, फुलं, चिकट काडी असं काहीबाही सांगत होते. तिनं ओसरीवर वाकळ टाकली आणि मला हातानं खाली बसवलं. मग मला काही आठवत नाही. मध्ये एकदा डोळा उघडला, तर ती उशाशी बसून पदरानं माशा वारत होती आणि खोकला पदरात दाबत होती, माझी झोप मोडू नये म्हणून. मी परत झोपले.

उठले तेव्हा ऊन कलंडलं होतं. भावानं बांधावरचा फुललेला दांडा कुऱ्हाडीनं आडवा केला होता आणि आईनं पराग झटकून काडेपेटीत भरून ठेवला होता. मी जीपमध्ये बसले तेव्हा ती म्हणाली, "पुढल्या खेपंला ऱ्हायाला ये गं. ही का झोप झाली?"

येते, म्हणाले.

पत्र्यावरून दांड्याला शिडी टेकवून वरच्या फांद्यांना मी आण्याचा पराग लावला. या वेळी बोंडं गळाली नाहीत. हिरवी राहिली, फुगली. मामा रोज विचारायचे, हायती का? मी सांगायचे, हायती.

ज्येष्ठात आई गेली. खोकल्यानंच गेली. दहावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी मी परत कामावर, टोमॅटोचे तोडे चालू होते. राहा असं मला कुणी म्हणालं नाही. मीही राहते म्हणाले नाही.

गौरी-गणपतीच्या सुमारास बोंडं तपकिरी होऊन तडकली. एक उकलून मी बिया मामांच्या ओंजळीत घातल्या.

"काळ्या हायती का पांढऱ्या?" पांढरं म्हणजे पोकळ, एवढं त्यांना माहीत होतं.

"लई पांढऱ्या हायती," मी म्हणाले. "पण काळ्याबी हायती. कोळशागत."

म्हातारा ओंजळीत तोंड घालून वास घेत राहिला. मग मला जवळ बसवून काळ्या तेवढ्या निवडायला लावल्या आणि चाचपडत त्यांचे दोन वाटे केले. एक माझ्यापुढं सरकवला.

"ह्यो आण्याचा. पराग त्येंचा व्हता. देऊन ये, पोरी. आन आठ दिस ऱ्हा."

नवरा म्हणाला, आता कशी जाईल, भाद्रपदात रानात काय कमी कामं? मामांनी काठी आपटली. "मी सांगतोय न्हवं? ऱ्हाऊ दे तिला."

बिया भावाच्या हातात दिल्या. रात्री भावजयीनं ओसरीवर तीच वाकळ टाकली. "वन्सं, निवांत पडा. तुमाला कुणी उठवणार न्हाई," म्हणाली. आणि खरंच, आठही दिवस मला कुणी उठवलं नाही. मीच उशाशी जागी बसायचे, आईसारखी पदरानं माशा वारत.