पुढे सरकवलेला पेला

वर्तकनगरचे शांतवन भिंगारदिवे बऱ्याच वर्षांपूर्वी दारू सोडून मेथडिस्ट चर्चला जाऊ लागले, पण प्रभुभोजनाच्या विधीत भाकर आणि द्राक्षारस देत, त्यातली नुसती भाकर घेत. इवलासा पेला आला की गुपचूप पुढे सरकवत. पवित्र शास्त्रात चक्क ‘द्राक्षारस’ लिहिलंय, म्हणजे दारूच की!

परवा ते चर्चच्या पाळकांच्या घरी गेले, तर पाळकबाई गॅसवर द्राक्षं उकळत होत्या.

“हे काय, बाई?”

“उद्याच्या प्रभुभोजनाचा रस. उकळला की आंबत नाही, दारू होत नाही. फार पूर्वी अमेरिकेतल्या एका मेथडिस्ट दातांच्या डॉक्टरने काढली ही युक्ती. दारू सोडलेल्यांची केवढी सोय झाली बघा!”

भिंगारदिव्यांनी वाकून पातेल्यात पाहिलं.

“बाई, दारू सोडली ते ठीक. पण मग इतकी वर्षं मी हे काय सोडत होतो?”