डाव्या बाजूला उतरणारे व्याही

माझे व्याही माझ्या डोळ्यांदेखत दरीत गेले, आणि तेही मला मान द्यायचा म्हणून. मान देण्यात त्यांच्याइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. वाट चांगली चार फूट रुंद होती. मी डोंगराच्या अंगाला चिकटून उभी होते. ते सायकलवरून वळणावर आले, मला पाहिलं, आणि सरळ पुढे निघून जायचं सोडून जन्मभराच्या सवयीने सायकलवरून उतरले. सायकलवरून माणूस डाव्या बाजूला उतरतो. डाव्या बाजूला जमीन नव्हती.

ते ओरडले नाहीत. घंटी एकदा वाजली, खडी घरंगळल्याचा आवाज आला, आणि सायकल त्यांच्यामागून निघाली. कडेला एका पाइनच्या झाडाचं मूळ उघडं पडलं होतं, त्यात पॅडल अडकलं. मी तिथवर कशी गेले ते मला आठवत नाही. आठवतं तेव्हा मी वाटेवर बसले होते, टाचा मुळाला रोवलेल्या आणि दोन्ही हातांत सायकलचं कॅरियर. खाली व्याही हँडल धरून लोंबत होते. त्यांच्या पायांखाली भुसभुशीत तांबडी माती होती, तिच्याखाली वीतभर खडक, आणि त्याच्याखाली काय होतं ते मी एकदाच पाहिलं. पुन्हा पाहिलं नाही.

"विहीणबाई," खालून आवाज आला, "आपल्याला लागलं नाही ना?"

हे माझ्या सुनेचे वडील. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. कोकणात उतरणाऱ्या घाटरस्त्यांवर तीस वर्षं सायकलवरून फिरून त्यांनी मोऱ्या आणि कठडे तपासले होते. माझा मुलगा अविनाश अमेरिकेत चँडलरला चिपच्या कारखान्यात इंजिनियर. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सून शुभा बाळंत झाली तेव्हा मी गेले आणि तेही आले. माझा नवरा नव्हता, त्यांची बायको नव्हती. मुलीच्या बापाने मुलाच्या आईपुढे वाकून राहावं हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मी खोलीतून जाताना दिसले की ते खुर्चीतून उठत, परत येताना दिसले की पुन्हा उठत. मला म्हातारपणी बाथरूमला वारंवार जावं लागतं. त्यांच्या गुडघ्यांना चांगला व्यायाम झाला.

अविनाशने हौसेने एक जाड टायरची सायकल घेतली होती. तिला माउंटन बाइक म्हणतात, आणि ती तेव्हा नवीनच निघाली होती. दोन रविवार चालवून त्याने ती गॅरेजमध्ये टाकली. व्याह्यांनी ती बाहेर काढली, पुसली आणि भोवती एक फेरी मारली. "घंटी नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरियर नाही," ते म्हणाले. "ही सायकल नव्हे, सायकलचा सांगाडा आहे." पंधरा दिवसांत त्यांनी सगळं दुकानातून आणून स्वतः बसवलं. अविनाशचे मित्र ते कॅरियर बघून हसत. "काका, यावर गवताचा भारा नेणार का?" व्याही म्हणत, "वेळ सांगून येत नाही." गावाहून आणलेल्या पँटच्या क्लिपा लावून ते रोज दूध आणायला निघत, आणि ते परत येईपर्यंत माझं सगळं लक्ष रस्त्याकडे असे.

कारण ते उतरत. देवळासमोर, शाळेसमोर, प्रेतयात्रेसमोर आणि कुठल्याही वडीलधाऱ्या बाईसमोर सायकलवर बसून जायचं नाही, असं त्यांना वडिलांनी शिकवलं होतं, आणि तो नियम फक्त आपल्या देशापुरता आहे असं कोणी सांगितलं नव्हतं. चँडलरला दुधाच्या वाटेवर चार चर्चं होती. चारही ठिकाणी ते उतरत. एक गोरी म्हातारी रोज अंगणात नळी धरून उभी असे. तिला पाहून ते उतरत, मान खाली घालून थांबत, आणि ती पुढे जायची वाट पाहत. ती कुठे जाणार, ती स्वतःच्या अंगणात होती. पहिल्या दिवशी ती घाबरून आत गेली आणि दाराला कडी घातली. महिन्याभराने तिने त्यांना पिशवीभर ग्रेपफ्रूट दिले. पण तिथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे डावीकडे उतरणं हे धावत्या गाड्यांच्या पुढ्यात उतरणं. ब्रेकचे आवाज आम्हाला घरात ऐकू यायचे. शुभा रडकुंडीला येई. "बाबा, प्लीज, उजवीकडे उतरायची प्रॅक्टिस करा." सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी एकदा प्रयत्न केला आणि शेजाऱ्याच्या निवडुंगात जाऊन बसले. काटे काढायला अविनाशला ऑफिसातून सुट्टी घ्यावी लागली. प्रॅक्टिस तिथेच संपली.

मी ओट्यावर उभी दिसले तर ते वीस पावलं आधीच उतरत आणि सायकल हाताने ढकलत आणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला लिहू. मला पाहून जन्मात कोणी जागचं हललं नव्हतं, नवरा तर नाहीच. मी "असू द्या, असू द्या" म्हणत असे, पण उशिरा, ते उतरून झाल्यावर.

बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा अविनाश आम्हाला पाच तासांवरच्या डोंगरातल्या नॅशनल पार्कात घेऊन गेला. नाव मला नीट म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही. सायकल गाडीच्या मागे बांधून आणली होती. पायवाट सुरू होते तिथे पाटी होती. सायकलचं चित्र आणि त्यावर लाल रेघ. चौथी शिकलेल्या बाईलाही कळेल. व्याह्यांना कळली, पण पटली नाही. तिथे टोपी घातलेली एक तरुण रेंजर बाई उभी होती. त्यांनी अविनाशला मध्ये घेऊन तिला विचारलं, "गाढव जातं, घोडा जातो, सायकल का नाही?"

ती म्हणाली, "वळणावर एकदम सायकल आली की चालणारा दचकतो. दचकला की कडेला जातो."

"मी उतरतो," व्याही म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात."

"मी उतरतोच. विचारा आमच्या विहीणबाईंना."

अविनाशने ते इंग्रजीत सांगितलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. खरं होतं ते.

मग संध्याकाळपर्यंत व्याह्यांनी ती वाट छत्रीने मोजली. वाटेला आतल्या अंगाला उतार नाही, पाणी काढून द्यायला मोरी नाही, पहिल्या पावसात कड सुटेल. "ह्यांना सायकलवाल्याची भीती," ते म्हणाले, "पाण्याची नाही." रात्री मुक्कामावर जेवताना ते गप्प होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पहाटे वाटेवर कोणी नसतं, कोणी दचकणार नाही, मग बंदी कशाची, असा हिशेब त्यांनी मनात केला आणि पोरं झोपेत असताना सायकल घेऊन ते वर गेले. मी उजाडताच उठले. मला चालल्याशिवाय पोट साफ होत नाही. वाटेवर कोणी नसेल असं मलाही वाटलं होतं.

"सोडा आपण," ते खालून म्हणाले. "मूळ कुजकं आहे. माझ्याबरोबर आपणही याल."

"कुजकं आहे हे आता सांगता?"

"आता दिसलं."

मी घाबरले होते. तळवे घामाने ओले होते, कॅरियरची पट्टी बोटांतून सरकत होती. सोडून द्यावं असंही मनात आलं, दोनदा आलं. पण मग शुभाला काय सांगायचं? मांडीवर तीन महिन्यांचं मूल घेऊन ती बसलेली असेल, आणि मी एकटी खाली जाऊन सांगायचं, की तुझा बाप मला पाहून उतरला.

"पायाला काही लागतंय का?" मी विचारलं.

"माती आहे. टिकणारी नाही." मग ते घाटातल्या मजुरांच्या गँगला सांगावं तसं मला सांगायला लागले. आवाज शांत होता, फक्त मधूनमधून श्वास तुटत होता. "आपल्या उजव्या टाचेखाली मूळ आहे की दगड? मूळ असेल तर टाच काढा. मुळाशेजारी पांढरा खडक आहे, त्याला लावा. हळू. आता मागे रेला."

मी रेलले. खडक हलला नाही.

"आता सायकलवर पाय देऊन वर या," मी म्हटलं. "शिडीसारखे."

"सायकलवर पाय कसा देऊ?"

"द्या."

त्यांनी दिला. हात मोकळे नव्हते म्हणून सायकलला नमस्कार करायचा राहिला, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. हँडलवर गुडघा, मग दांडीवर पाय. दर वेळी माझे खांदे उखडून येतात की काय असं होई. त्यांचं डोकं कडेवर आलं. चेहरा मातीने तांबडा झाला होता, चष्मा एका कानाला लटकत होता. त्यांनी एका हाताने सीट धरली. मी कॅरियरवरचा एक हात सोडला आणि त्यांच्यापुढे केला.

ते त्या हाताकडे बघत राहिले. "आपल्याला हात कसा लावू?" ते म्हणाले.

मूळ कडकडलं.

"मेल्या," मी म्हटलं, "हात धर."

त्यांनी धरला. माझ्या नवऱ्यानेसुद्धा इतका घट्ट कधी धरला नव्हता. ते छाती घासत वाटेवर आले आणि मूळ तुटलं. सायकल गेली. घंटी वाजत वाजत गेली, ती बराच वेळ ऐकू येत होती. आम्ही तिथेच पडून राहिलो. मग मी उठायला लागले, तर ते माझ्याआधी उठून उभे राहिले, एकाच पायात बूट, पँट फाटलेली.

त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. जखमा धुऊन झाल्यावर ते स्वतः अविनाशला घेऊन रेंजर बाईकडे गेले. मीही गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उतरायला वेळ मिळाला नाही ना?"

"मिळाला," व्याही म्हणाले. "म्हणून तर उतरलो."

अविनाशला हे इंग्रजीत कसं सांगावं कळेना. व्याही पुढे म्हणाले, "पाटी राहू द्या म्हणावं, तिचं बरोबर आहे. पण मोऱ्या काढा." तिने ते लिहून घेतलं. काढल्या की नाही ते मला ठाऊक नाही.

संध्याकाळी शुभा बाळाला पुसताना म्हणाली, "आई, तुम्ही जरा बाजूला का नाही झालात?"

"बाजूलाच होते," मी म्हटलं.

तेवढंच म्हटलं. उरलेलं आज लिहिते. ते वळणावर आले तेव्हा मी त्यांना आधी पाहिलं होतं. "उतरू नका" एवढं म्हणायला मलाही वेळ होता. मी नेहमीसारखी थांबले, ते उतरून झाल्यावर "असू द्या" म्हणायला.

चँडलरला परतल्यावर ते दूध आणायला चालत जात. नळीवाल्या म्हातारीने सायकल कुठे म्हणून खुणेने विचारलं, तेव्हा त्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं, आणि तिने त्यांचा हात हातात घेऊन दाबला. तिला वाटलं घरातलं कोणी गेलं. मी एकदा त्यांना सांगितलं, "व्याही, यापुढे मला पाहून उठायचं नाही." ते हे ऐकायला खुर्चीतून उठले होते.

हल्ली इथे रस्त्यात मला पाहून कोणी सायकलवरून उतरत नाही. उतरू नयेच. तरी मागून घंटी वाजली की मी लांबूनच हात हलवते, जा, जा म्हणून, आणि पोरं माझ्याकडे बघत निघून जातात.

त्या सकाळी वाटेवर आम्ही दोघंच होतो आणि दोघंही जिवंत परतलो. व्याही पुढे नऊ वर्षं जगले. मी अजून आहे.