बोट ठेवा, मग वाचा : आमच्या रामटेके बाई

श्रीमती कुसुमबाई रामटेके यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना कामवाली समजलो. गौरवग्रंथात असं वाक्य शोभत नाही हे मला कळतं. संपादकांनी फोनवर "जरा औपचारिक लिही रे" असं बजावलंही होतं. पण ओळख तिथूनच झाली, मी दुसरी कुठून आणू?

कॉलेज अर्ध्यात सोडून मी तेव्हा नुकताच रायपुरच्या पंडरी बाजारात मामांच्या कापडाच्या दुकानात बसायला लागलो होतो. कॉलेज सोडण्याचं कारण एक मुलगी होती. ते पुढे सांगावंच लागेल, कारण बाईंचं मोठेपण मला कळलं ते त्याच गोष्टीतून. तर त्या रविवारी पडद्याचं कापड पोचवायला मी एका घरी गेलो. दार एका लहान मुलीने उघडलं आणि ती आत वळून ओरडली, "बाई, कोणी आलंय!" आतून सुती साडीचा पदर खोचलेल्या, हाताला पीठ लागलेल्या एक बाई आल्या. रायपुरात वाढलेल्या माणसाला 'बाई' म्हणजे काय वाटणार? मी म्हणालो, "बाई, ज़रा मैडम को बुला दो, कपड़ा देना है."

त्या शांतपणे आत गेल्या. डोळ्यांवर चष्मा चढवून परत आल्या आणि म्हणाल्या, "हं. बोला. मीच मॅडम."

आता मामांकडे तक्रार जाणार, असंच मी धरून चाललो. पण बाई हसत होत्या.

"तुझं चुकलं नाही. इथं बाई म्हणजे कामवाली. शेजारच्या छत्तीसगढी मोहल्ल्यात कोणी 'मोर बाई' म्हणाला तर ती त्याची बायको. अन् आपल्या मराठीत शाळेतल्या मास्तरणीलेही बाईच म्हणतात. पण शब्द सोड. दारात काय आहे?"

मी खाली पाहिलं. लहान मुलांच्या चपलांचा ढीग होता.

"आतून काय ऐकू येऊन राहिलं?"

मुलं एका सुरात काहीतरी वाचत होती.

"अन् माझ्या हाताले काय लागलं?"

"पीठ."

"नीट पाय."

मी नीट पाहिलं. खडू होता.

"सगळं तुझ्यासमोर लिहिलेलं होतं, पोट्ट्या. तू एकच शब्द ऐकला अन् तिथंच थांबला," असं म्हणून त्यांनी मला आत बसवलं. त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी आहे.

बाईंच्या कार्याबद्दल माझ्यापेक्षा जाणती माणसं या ग्रंथात लिहितीलच. मला माहीत आहे ते एवढं. बाईंचा जन्म रेल्वेच्या क्वार्टरमधला, शाळा हिंदी, आणि पुढे नोकरीही सरकारी शाळेत हिंदी शिकवण्याची. घरात बोलली जाई तेवढीच मराठी त्यांना येत होती. वाचायची मराठी त्या शिकल्या वडिलांच्या पेटीतल्या पुस्तकांवर, आणि ती पुस्तकं वाळवीने खाल्लेली होती. ओळीच्या मधोमध भोक, कुठे अर्धा शब्द गायब, कुठे अख्खा. लहानपणी बाई त्या भोकात काय असेल याचा अंदाज मागच्यापुढच्या शब्दांवरून बांधत वाचायच्या. "मले मराठी वाळवीनं शिकवली," असं त्या वर्गात नेहमी सांगतात, आणि दर वेळी कोणीतरी नवं पोरगं तोंड उघडं टाकून बघत राहतं.

निवृत्तीनंतर त्यांनी पुढच्या खोलीत रविवारचा वर्ग सुरू केला. आमच्यासारख्यांसाठी. घरात आई म्हणते, "जेवायला ये रे," आणि आम्ही म्हणतो, "आ रहा हूँ." मराठी कानात जाते, तोंडातून हिंदी निघते. अशा मुलांना बाई झेरॉक्स काढलेल्या पानांवर पंचिंग मशीनने भोकं पाडून देतात. आम्ही त्याला 'भोकवाला पेज' म्हणतो. भोकात काय होतं ते ओळखायचं, आणि कशावरून ओळखलं तेही सांगायचं. नुसतं उत्तर बरोबर आलं तर बाई मार्क देत नाहीत.

एकदा वाक्य होतं, आजोबांनी अमुक झटकला, खांद्यावर टाकला आणि ते उन्हातून निघाले. कोणी टॉवेल लिहिलं, कोणी शर्ट, एकाने गमछा. बाईंनी मूळ शब्द सांगितला, पंचा.

"पंचा? वो क्या होता है बाई, पंच का बड़ा भाई?" मागून आवाज आला.

सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त बाईच हसल्या. मग त्यांनी गमछावाल्याला पूर्ण मार्क दिले. म्हणाल्या, "याले शब्द नाही आला, पण वस्तू बरोबर सापडली. शब्द काय, आज आला."

माझं डोकं लवकर तापतं हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीला या पद्धतीवरून मी बाईंशी भांडलोही. "बाई, मोबाइल में देख लेते हैं ना, दो सेकंड का काम है! काहून एवढी माथाफोड?" बाई म्हणाल्या, "पाय. अन् पुढच्या रविवारी मले सांग." मी तिथल्या तिथे त्या पानावरचे सगळे शब्द मोबाइलवर पाहिले. पुढच्या रविवारी त्यातला एकही आठवेना. पंचा मात्र आठवत होता. बाईंनी नवा भोकवाला पेज माझ्यापुढे सरकवला. मला इतका राग आला की तो पूर्ण सोडवूनच उठलो.

रविवार म्हणजे बाजारातला गर्दीचा दिवस, मामा मला सोडायला तयार नव्हते. तेव्हा बाई स्वतः पंडरीत दुकानावर आल्या.

"भाऊ, हा पोट्टा मले रविवारी सकाळी दोन घंटे पाहिजे."

"काहून? आता शिकून हा कोणता कलेक्टर होणार हाय?" मामा म्हणाले.

"बरं, राहू द्या. पडद्याचं कापड दाखवा."

मामांनी एक थान उघडलं. बाई म्हणाल्या, दुसरं. मग तिसरं. मग वरच्या फळीवरचं. गल्ल्यापर्यंत कापडाचा डोंगर झाला, बाकीची गिऱ्हाइकं खोळंबली, आणि बाई प्रत्येक कापडाचा पोत बोटांनी चोळून पाहत "अजून दाखवा" म्हणत राहिल्या. शेवटी मामांनीच हात जोडले. "घेऊन जा बा मॅडम याले!" बाईंनी एक मीटर अस्तर घेतलं आणि गेल्या. माझ्यासाठी एवढं बसून राहणारं त्या वर्षी दुसरं कोणी नव्हतं. घरी वडील माझ्याशी बोलत नव्हते.

आता त्या मुलीची गोष्ट, आणि ती मला नीट कळली तो रविवार.

बाईंनी स्वतः लिहिलेला एक लहान उतारा दिला होता. या वेळी पानात एकही भोक नव्हतं. उताऱ्यातल्या मुलाने नवी टोपी घातली होती. वर्गातले सगळे त्याची चेष्टा करत होते. तो काही बोलला नाही, पण त्याचे कान लाल झाले. पुन्हा त्याने ती टोपी घातली नाही.

"चेष्टा म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"कोशिश! प्रयास!" सगळे ओरडले. सगळ्यात मोठा आवाज माझा.

"हिंदीत एकदम बरोबर. मीच जन्मभर तसं शिकवलं. आता त्या शब्दावर बोट ठेवा. समजा तिथं भोक आहे. अन् वाचा. कान काहून लाल झाले? टोपी काहून सोडली?"

पहिल्या भेटीत मला दार उघडणारी ती लहान मुलगी हळूच म्हणाली, "सबने उसका मज़ाक उड़ाया."

"शाब्बास. जो शब्द येत नाही त्याची भीती नाही, त्याले आपण विचारतो. जो येतो असं वाटते तो बिनविचारता आत घुसते. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, मस्करी."

माझं बोट त्या शब्दावरच राहिलं. मी भर वर्गात उभा राहिलो.

"बाई, पक्का? सगळीकडे? सांगलीत पण?"

"सांगलीत पण. काहून रे?"

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. वर्ग संपल्यावर बाई शेजारी येऊन बसल्या, आणि आईलाही न सांगितलेलं मी त्यांना सांगितलं.

मृणाल माझ्या वर्गात होती. तिच्या वडिलांची बदली नवा रायपुरला झाली म्हणून ती सांगलीहून आली होती. ती तिची मराठी बोलायची, मी माझी खिचडी. तिचं अर्धंच कळायचं, बाकी सगळ्याला मी 'हव', म्हणजे 'हो', म्हणायचो. एका दुपारी नवा रायपुरच्या बसस्टॉपवर मी तिला सरळ सांगून टाकलं, "मले तू आवडते. सच्ची." ती खाली बघत म्हणाली, "चेष्टा करू नकोस हं माझी."

चेष्टा म्हणजे कोशिश. कोशिश म्हणजे ट्राय. मी ऐकलं, माझ्यावर ट्राय नको मारू.

मी ट्राय मारून राहिलो? मी? अंगाचा भडका उडाला. "ठीक है" म्हणालो, गाडीला किक मारली आणि निघून आलो. तिचा नंबर ब्लॉक केला. रोज त्याच वर्गात तिच्यासमोर बसणं शक्य नव्हतं, म्हणून कॉलेज सोडलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तेव्हा तुझ्यासोबत अजून कोणी होतं?"

"दोस्त होते. चहाच्या टपरीवर. हसून राहिले होते."

"अन् ती म्हणाली तेव्हा तिचं तोंड कसं होतं?"

"डोळे भरले होते."

"मग तिनं काय केलं?"

"काही नाही. तिची बस आली, ती चढलीच नाही. मी आरशात पाहिलं, तिथंच उभी होती."

"नवा रायपुरात बस सोडली?"

"हव."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, तिथं दुसरी बस कधी येते देव जाणे! अरे बापा, त्या वाक्यात दुसरा अर्थ बसतच नव्हता रे!"

मी खिशातून मोबाइल काढला. आत्ता, या क्षणी फोन लावायचा होता. बाईंनी माझं मनगट धरलं. त्या वयात एवढी पकड असते हे मला माहीत नव्हतं.

"आता नको. आता तू भांडशील. अन् ते वाक्य तेव्हाचं होतं. ती आता कुठं आहे, कोणासोबत आहे, तुले काही माहीत आहे का?"

"तुम्हीच तर शिकवलं, मागचंपुढचं पाहून अंदाज बांधा म्हणून!"

"कागदासाठी शिकवलं. कागदाले विचारता येत नाही, म्हणून अंदाज. माणूस जिवंत आहे, तर माणसाले विचारायचं. 'म्हणजे काय म्हणाली?' एवढंच विचारायचं होतं, अन् एवढंच तू विचारलं नाही."

जन्मभर अंदाज बांधायला शिकवणाऱ्या बाई मला सांगत होत्या की अंदाज बांधू नको.

डोकं शांत झाल्यावर संध्याकाळी मी फोन लावला. नंबर पाठ होता. तिने उचलला.

"मृणाल, तू त्या दिवशी चेष्टा करू नको म्हणाली, म्हणजे काय म्हणाली?"

ती म्हणाली, "हे विचारायला इतक्या महिन्यांनी फोन केलास?"

"हव."

"थट्टा करू नकोस म्हणाले होते. तुझे मित्र तिकडे हसत होते ना. खरं असेल तर नीट सांग, असं म्हणायचं होतं मला. तू निघूनच गेलास."

"मले वाटलं, ट्राय नको मारू म्हणाली."

पलीकडून कसलातरी आवाज यायला लागला. ओळखायला येईना. पूर्वीचा मी असतो तर काहीतरी धरून बसलो असतो. या वेळी विचारलं, "तू हसून राहिली का रडून राहिली?"

"दोन्ही, गाढवा."

"मग आता?"

"आता मला विचार करू दे."

"म्हणजे?"

"म्हणजे विचार करू दे. याला दुसरा अर्थ नाही."

ती अजून विचार करते आहे. मधूनमधून तिचा फोन येतो, वर्गात या रविवारी काय झालं ते विचारते, आणि मी सांगतो. बाईंना हे सगळं माहीत आहे. त्या म्हणाल्या, "ती विचार करून राहिली तोवर तू काहून रिकामा बसतो?" आणि मला राहिलेल्या परीक्षांना बाहेरून बसायला लावलं. मामांनी या वेळी एकही थान न उघडता होकार दिला. वडीलही परवा मला म्हणाले, "अभ्यास कर." अनेक महिन्यांतलं त्यांचं पहिलं वाक्य.

बाईंनी पंचाहत्तरी गाठली आहे. त्यांचे गुडघे दुखतात, औषध वेळेवर घेत नाहीत, आणि उन्हात पायी गोल बाजारापर्यंत जातात. विचारलं तर म्हणतात, "काही होत नाही." या तीन शब्दांवर आम्ही कोणी विश्वास ठेवत नाही. त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं, उन्हात रिक्षा करावी, आणि शंभरी ओलांडून पुढेही हा वर्ग चालवावा, अशी त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने मी हात जोडून विनंती करतो. सर्वांत आग्रहाने माझ्या स्वतःच्या वतीने करतो. मृणालचं उत्तर अजून यायचं आहे. 'हो' आलं तर सांगायला मी आधी बाईंकडेच जाणार, आणि 'नाही' आलं तर बसायलाही मला दुसरी जागा नाही. त्या दिवशी बाई ठणठणीत असल्या पाहिजेत. आणि त्यानंतर पुष्कळ, पुष्कळ वर्षं.