पहिला तोडा

मार्गदर्शकांनी माझ्या प्रबंधाचे प्रकरण वांग्यांच्या टोपलीत टाकले आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "वांगी उत्तम. प्रकरण किडके. यापेक्षा याच्या बापाचा हात बरा चालतो." सगळे हसले. ती टोपली मीच त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

आमच्या मालेगावात आजही सांगतात, माळ्याने भाजी चारून पोराला डॉक्टर केले. सांगणाऱ्यांना मळ्याची रीत ठाऊक नाही. आमच्यात पहिला तोडा, म्हणजे हंगामात पहिल्यांदा तोडलेला माल, विकत नाहीत. तो मानाच्या माणसाकडे जातो. वडिलांनी तो नागपूरला माझ्या मार्गदर्शकांकडे धाडला, गुरूचा मान म्हणून. गुरूंनी तो नजराणा मानला आणि पुढे प्रत्येक खेपेस टोपली मागितली.

दुसरे खोटे : अभ्यास झेपला नाही म्हणून मी खचलो. वांग्याचा मर रोग हा माझा विषय, आणि तो मला पुरता झेपला होता. ते हसणे झेपले नाही. झोप गेली. अन्नावरची वासना गेली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की कानात तेच हसणे. सुटीत घरी आलो असता, दुपारी मोट सुटल्यावर, मी विहिरीच्या काठावर फार वेळ उभा राहिलो. वडिलांनी मागून येऊन मनगट धरले.

"काय करून राह्यला?"

मी सगळे सांगितले. रडलो.

"मले काहून नाही सांगतलं? अरे, वांगे तं बजारात इकत भेटतेत. तू कोठी भेटशीन?"

तो हंगाम मी मळ्यात काढला. बैल जुंपले की राबलो; बैल सुटले की थांबलो, जेवलो, झोपलो. गाव म्हणाले, पोरगं येडं झालं. म्हणो. मी शुद्धीवर येत होतो.

पुढचा पहिला तोडा आमच्याच चुलीवर शिजला. मग जऊळका स्टेशनवरून नागपूरची गाडी धरली.

"टोपली कुठे आहे?" मार्गदर्शकांनी दारातच विचारले.

"आम्ही खाल्ली. प्रकरण आणले आहे. त्यात काय चुकले, तेवढे सांगा."

त्यांनी दार लावले. दुसरा मार्गदर्शक मिळेपर्यंत माझी उमेदीची वर्षे गेली. माफी मागून पदवी मिळवली, असे म्हणणाऱ्याने माझ्यासमोर येऊन म्हणावे.

त्या पायऱ्या उतरताना मी ठरवले होते : पदवी मिळो वा न मिळो, या दारात आमची टोपली येणार नाही, आणि त्या विहिरीच्या काठावर मी पुन्हा उभा राहणार नाही. कुणासाठीही नाही.